सिंह, दगड आणि पोथी

इसवी सन ३९३ च्या सुमारास बेथलेहेमच्या एका मठात एका संन्याशाने लॅटिनमध्ये एक खंडनग्रंथ लिहिला. संसार केलेला ख्रिस्ती आणि ब्रह्मचारी राहिलेला ख्रिस्ती देवाच्या दारी सारखेच, असे जोव्हिनियन नावाच्या एका साधूचे म्हणणे होते. ते खोडून काढण्यासाठी या संन्याशाने ब्रह्मचर्याची थोरवी सांगणारे दाखले देशोदेशीहून जमवले. त्यांतला एक दाखला हिंदुस्थानचा आहे. तिकडच्या तत्त्वज्ञ साधूंमध्ये अशी परंपरा आहे की त्यांच्या पंथाचा प्रवर्तक बुद्ध एका कुमारिकेच्या कुशीतून जन्माला आला, असे तो लिहितो. त्याच ग्रंथात पुढे उपवासाचा विषय निघतो, तेव्हा हिंदुस्थानातल्या साधूंचे ब्राह्मण आणि श्रमण असे दोन वर्ग तो सांगतो. गंगाकाठच्या झाडांची फळे, नाहीतर भात आणि पीठ, एवढ्यावर ही माणसे राहतात, अशी त्याची माहिती. ती त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. बार्देसानेस या सिरियन लेखकाने लिहून ठेवलेली, ग्रीक ग्रंथांतून फिरत त्याच्यापर्यंत आलेली होती. तरीही थबकावे असे हे वाक्य आहे. अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी अजून खोदायची होती, सिरपूरचे विहार त्याहूनही पुढचे, आणि येशूच्या जन्मगावी बसलेला पन्नाशीच्या आसपासचा एक साधू बुद्धाचे नाव लिहीत होता.

हा साधू म्हणजे संत जेरोम. लॅटिनमध्ये हिएरोनिमस, पोर्तुगीजांच्या तोंडी जेरोनिमो.

तपस्व्यांच्या प्रतिमा कशा वाचायच्या, हा या पुस्तकाचा विषय, आणि रायपूरच्या वाचकाला ही विद्या अगदीच परकी नाही. शहरातले महंत घासीदास स्मारक संग्रहालय नांदगाव संस्थानच्या महंत घासीदासांनी १८७५ मध्ये सुरू केले. ते स्वतः बैरागी परंपरेतले. त्या गादीवर कितीतरी काळ गुरूमागून चेला बसत आला होता. या संग्रहालयात सिरपूरला १९३९ मध्ये सापडलेल्या बौद्ध धातुमूर्ती आहेत. पुढे १९५० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी सिरपूरला उत्खनन करून तिथले विहार उजेडात आणले, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. मूर्तीच्या हाती कमळ असेल तर पद्मपाणी, पोथी आणि खड्ग असेल तर मंजुश्री, उजवा हात जमिनीकडे टेकलेला असेल तर बोधिप्राप्तीच्या क्षणीचा बुद्ध. चेहऱ्यावरून कोणी ओळखत नाही, खुणेवरून ओळखतात. ख्रिस्ती संतांचेही तसेच. किल्ल्या दिसल्या की पीटर, चाक दिसले की कॅथरीन, लोखंडी जाळी दिसली की लॉरेन्स. जेरोमच्या वाट्याला मात्र खुणांची रासच आली आहे. सिंह, लाल टोपी, हातातला दगड, कवटी, क्रूस आणि पोथी. यांतल्या कोणत्या खुणा त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आल्या आणि कोणत्या लोकांनी त्याला चिकटवल्या, हे पाहायचे तर आधी त्याचे चरित्र पाहायला हवे.

दाल्मेशिया आणि पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सीमेवर स्ट्रिडॉन नावाचे गाव होते. तिथे ३४७ च्या आसपास एका खात्यापित्या ख्रिस्ती घरात जेरोमचा जन्म झाला. शिकायला त्याला रोमला पाठवले. एलियस डोनाटस हा त्या काळचा नामांकित व्याकरणकार त्याचा गुरू. व्हर्जिल, सिसेरो, टेरेन्स ही मंडळी जेरोमच्या जिभेवर बसली ती कायमची. रोममध्येच त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे मित्रांच्या संगतीने संन्यासाची ओढ लागली आणि ३७४ च्या सुमारास तो पूर्वेकडे निघाला. बरोबर काय घेतले? आईवडील सोडले, बहीण सोडली, चांगलेचुंगले खाणे सोडले, ते सोडणे सर्वांत जड गेले असे तो प्रामाणिकपणे सांगतो. पण रोममध्ये कष्टाने जमवलेली पुस्तके सोडवली नाहीत. ती सगळी त्याने बरोबर नेली.

अँटिऑकला पोहोचल्यावर तापाची साथ आली. बरोबरचे दोन मित्र गेले. जेरोमही मरणाच्या दारात होता. त्या ग्लानीत त्याला पडलेले स्वप्न युरोपच्या वाङ्मयात फार गाजले आहे. त्याला स्वर्गीय न्यायासनापुढे खेचून नेले. तू कोण, असे विचारल्यावर त्याने ख्रिस्ती म्हणून सांगितले. न्यायाधीश म्हणाला की खोटे बोलतोस, तू सिसेरोचा भक्त आहेस. मग फटके पडले. यापुढे लौकिक पुस्तकांना हात लावणार नाही, अशी शपथ त्याने तिथेच घेतली. या शपथेचे पुढे काय झाले हे त्याच्या लेखनातच दिसते. पानोपानी सिसेरो आणि व्हर्जिल डोकावतात. रुफिनस हा त्याचा जुना मित्र पुढे वैरी झाला, तेव्हा त्याने हीच शपथ काढून जेरोमला डिवचले. स्वप्नातल्या वचनाला कोण बांधील राहतो, अशा अर्थाचे उत्तर जेरोमने दिले.

त्यानंतर दोन-तीन वर्षे तो सिरियात, कॅल्किसच्या वाळवंटी प्रदेशात राहिला. त्याची जी मूर्ती जगभर पसरली, ती या दोन-तीन वर्षांची. आणि ती त्याच्याच लेखणीतून आलेली आहे. त्या दिवसांनंतर जवळजवळ आठ वर्षांनी, ३८४ मध्ये, रोममधल्या यूस्टोकियम नावाच्या तरुण मुलीला त्याने ब्रह्मचर्यावर एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात वाळवंटातले दिवस रंगवले आहेत. उन्हाने कातडी काळवंडलेली, हाडे जमिनीवर टेकलेली, सोबतीला विंचू आणि श्वापदे, आणि असे असूनही मन मात्र रोमच्या मुलींच्या नाचात रमलेले. मग रडणे, छाती पिटणे, आठवडाभराचे उपास. त्याच्या इतक्या पत्रांत हे पत्र सर्वांत जास्त वाचले गेले, आणि चित्रकारांनी तर ते पिढ्यान्‌पिढ्या पुरवून वापरले.

पण त्याच वाळवंटातून त्या वेळी लिहिलेली पत्रे उघडली की दृश्य बदलते. तिथे हा तपस्वी मित्रांकडे पुस्तकांची मागणी करतो. अमुक ग्रंथाची नक्कल पाठवा, तमुक परत करा. नकला करणारी तरुण मुले त्याच्याजवळ आहेत, असे तो लिहितो. पत्रे येतात-जातात. शेजारचे साधू ईश्वराच्या स्वरूपावरून वाद घालून त्याला भंडावून सोडतात. वासना आवरत नाहीत म्हणून मनाला काम द्यायला त्याने ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू माणसाकडे हिब्रूचे धडे सुरू केले. सिसेरोच्या गोड लॅटिनवर पोसलेल्या माणसाला घशातले ते उच्चार फार कठीण गेले. कितीदा सोडले, कितीदा पुन्हा धरले. माझ्या मते जेरोमचे खरे तप हेच. छाती पिटणारे त्या वाळवंटात पुष्कळ होते. तिशीच्या वयात नवी, अवघड भाषा मुळाक्षरापासून शिकायला बसणारा मात्र हा एकच होता, आणि पश्चिम युरोपला पुढची हजार वर्षे त्याच शिकण्याचा उपयोग झाला.

३८२ मध्ये तो रोमला परतला आणि पोप डमासस यांचा चिटणीस म्हणून काम करू लागला. लॅटिन शुभवर्तमानांच्या प्रतींत इतकी तफावत होती की मूळ ग्रीकशी ताडून एक नीट संहिता तयार करावी, हे काम पोपने त्याच्यावर सोपवले. याच काळात मार्सेला, पॉला या रोमच्या बड्या घरच्या विधवा त्याच्याकडे शास्त्र शिकू लागल्या. पॉलाची थोरली मुलगी ब्लेसिला विशीतच विधवा झाली होती. जेरोमच्या उपदेशाने तिने कडक उपास धरले आणि ३८४ मध्ये ती गेली. अंत्ययात्रेत आईने टाहो फोडला, लोक साधूंच्या नावाने बोटे मोडू लागले. आणि जेरोमने पॉलाला पत्र लिहिले ते सांत्वनाबरोबरच एवढा शोक केल्याबद्दल कानउघाडणी करणारे. मुलगी गमावलेल्या आईला असे लिहिणाऱ्या माणसाला मी संत म्हणून हात जोडू शकत नाही. विद्वत्तेचा मान वेगळा. ज्या आगीने त्याला हिब्रू शिकवले, त्याच आगीत दुसऱ्यांचीही होरपळ झाली, हे त्याच्या चरित्रातून झाकून ठेवता येत नाही.

डमासस वारल्यावर रोममध्ये त्याला थारा उरला नाही. ३८५ मध्ये तो निघाला. पॉला आणि यूस्टोकियम मागोमाग आल्या. इजिप्तमधले साधूंचे आश्रम पाहून ३८६ मध्ये सगळे बेथलेहेमला स्थिरावले. पॉलाच्या पैशातून पुरुषांचा मठ, बायकांचा मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. इथे जेरोमने जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणायला घेतला. हे काम जवळजवळ पंधरा वर्षे चालले. पॉलाही हिब्रू शिकली, इतकी की स्तोत्रे ती हिब्रूतच गात असे. ती ४०४ मध्ये वारली तेव्हा तिच्यामागे कर्जच उरले होते. ४१० मध्ये रोम गॉथांच्या हाती पडले आणि निर्वासितांचे लोंढे बेथलेहेमपर्यंत आले. लेखन बाजूला ठेवून त्यांची सोय पाहावी लागली, असे जेरोम नोंदवतो. ४१६ मध्ये विरोधकांच्या जमावाने मठ जाळला. ३० सप्टेंबर ४२० हा त्याचा मृत्यूदिन मानतात.

आता खुणांकडे वळू. सिंहापासून सुरुवात करावी, कारण सिंह सर्वांत लोकप्रिय.

गोष्ट अशी सांगतात. संध्याकाळी मठात पाठ चालू असताना एक सिंह लंगडत आत आला. बाकीचे पळाले. जेरोमने त्याचा पंजा हाती घेतला, काटा काढला. सिंह मठातच राहिला आणि मठाच्या गाढवाला राखू लागला. एकदा सिंहाला डोळा लागला आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी गाढव पळवले. साधूंना वाटले, यानेच खाल्ले. शिक्षा म्हणून गाढवाची लाकडे वाहण्याचे काम सिंहावर आले, आणि त्याने ते निमूटपणे केले. पुढे तेच व्यापारी उंटांचा तांडा घेऊन परतले तेव्हा सिंहाने गाढव ओळखले आणि सगळा तांडा हाकत मठात आणला.

ही गोष्ट जेरोमची नाही. जॉर्डन नदीकाठी राहणाऱ्या गेरासिमस नावाच्या पाचव्या शतकातल्या साधूची ती आहे. जॉन मॉस्कस याने सातव्या शतकाच्या तोंडावर ती लिहून ठेवली. त्या मूळ कथेत गेरासिमस वारल्यावर सिंह त्याच्या समाधीवर प्राण सोडतो. गेरासिमस आणि हिएरोनिमस, जेरोनिमस, ही नावे कानाला जवळची. लॅटिन जगात गेरासिमस कोणाला ठाऊक नव्हता, जेरोम सगळ्यांना ठाऊक होता. सिंह एका संताकडून दुसऱ्याकडे गेला आणि तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने याच्या संतकथासंग्रहाने तो तिथे कायमचा बांधला. ग्रीक किंवा सिरियन चर्चमधल्या प्रतिमेत सिंहाबरोबर साधू दिसला तर तो आजही गेरासिमसच असतो. यात मला एक वेगळीच संगती दिसते. वाळवंटातल्या पहिल्या एकांतवासी साधूचे, थीब्जच्या पॉलचे, छोटे चरित्र जेरोमने तरुणपणी लिहिले होते. त्यात अँटनी या वृद्ध साधूला पॉलची समाधी खणायला जमत नाही, तेव्हा वाळवंटातून दोन सिंह धावत येतात आणि पंजांनी खड्डा खणून देतात. सिंह आणि साधू यांची सोबत जेरोमने दुसऱ्याच्या चरित्रात रंगवली, आणि पुढे लोकांनी ती त्यालाच परत केली.

लाल टोपी तर सरळसरळ चुकीची. जेरोम कधीच कार्डिनल नव्हता, आणि कार्डिनलांना लाल टोपी दिली ती पोप चौथ्या इनोसंटने १२४५ मध्ये, म्हणजे जेरोमनंतर आठशे वर्षांनी. पोपचा चिटणीस होता म्हणजे कार्डिनलच असणार, एवढ्या तर्कावर ती आली. हातातला दगड पंधराव्या शतकात इटलीत रुळला. पत्रात तो नुसता हाताने छाती पिटतो. कवटी आणि क्रूस ही त्या काळच्या पश्चात्तापी संतांची सर्वसाधारण सामग्री, मेरी मॅग्डालीनच्या चित्रांतही ती तशीच सापडते.

उरली पोथी. ती एकटी त्याची स्वतःची.

चांगल्या चित्रकारांना हे कळले होते असे वाटते. व्हेनिसमध्ये कार्पाच्चोने १५०२ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात सिंह मठात शिरतो आहे आणि साधू झगे उडवत पळत सुटले आहेत. त्यांच्या गडबडीतच सगळी मौज आहे. लिओनार्दोचे व्हॅटिकनमधले अपुरे चित्र याच्या अगदी उलट. खोल गेलेले गाल, मानेच्या ताणलेल्या शिरा, दगड धरून मागे नेलेला हात, आणि पुढ्यात नुसत्या रेषांतला सिंह. तपाची वेदना त्याहून खरी कोणी काढली नसेल. मात्र ज्याला जेरोम समजून घ्यायचा आहे त्याने ड्यूररचे १५१४ चे मुद्राचित्र पाहावे. खोलीच्या खिडकीच्या गोल गोल काचांतून आलेले ऊन भिंतीवर पडले आहे. छताला एक भला मोठा भोपळा टांगलेला. लाल टोपी मागे भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली, घालायची गरज नाही. खिडकीच्या कट्ट्यावर कवटी, बाकाखाली काढून ठेवलेल्या सपाता. उंबऱ्याशी सिंह पेंगतो आहे, शेजारी कुत्रा झोपला आहे. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांब, लहानशा आकारात, टेबलावर वाकून एक म्हातारा लिहितो आहे. तो वर बघत नाही. कॅराव्हॅजिओने १६०५ च्या सुमारास सिंह आणि टोपी दोन्ही काढून टाकले. लाल वस्त्रात एक टक्कल पडलेला वृद्ध, एका बाजूला त्याचे डोके, दुसऱ्या बाजूला कवटी, मध्ये पोथ्या आणि त्यांच्यावरून लांब पसरलेला, लेखणी धरलेला हात.

आपल्या किनाऱ्यावर हा संत आला तो पोर्तुगीजांबरोबर, आणि त्याला विशेष कारण होते. जेरोमला आदर्श मानणारा साधूंचा एक संघ चौदाव्या शतकात स्पेन-पोर्तुगालात निघाला होता. राजा मॅन्युएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिस्बनजवळ टागूस नदीकाठी या संघासाठी भव्य मठ बांधायला घेतला. जिथून जहाजे हिंदुस्थानला निघत, तीच ही जागा. खलाशांसाठी प्रार्थना करणे हे तिथल्या साधूंचे काम. पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावर बसवलेल्या कराचा पैसा या बांधकामात ओतला गेला. कोचीनला वारलेल्या वास्को द गामाची समाधी आज तिथेच आहे. म्हणजे मलबारच्या मिरीने जेरोमच्या नावाचा मठ उभा केला, आणि त्या मठाच्या आशीर्वादाने निघालेली जहाजे जेरोमला घेऊन परत आपल्याकडे आली.

या संताची आपल्या भागातली सर्वांत ठसठशीत मूर्ती दमणला आहे. नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर मोटी दमण आणि उत्तर काठावर नानी दमण. नानी दमणचा किल्ला १६१४ मध्ये बांधायला घेतला. त्याचे नाव सांव जेरोनिमो. नदीकडे तोंड केलेल्या दरवाजावर संताची मूर्ती आहे, आणि दरवाजाच्या दोन्ही अंगांना भल्या थोरल्या मानवी आकृती राखणीला उभ्या आहेत. किल्ला सुरू झाला तेव्हा गोव्यात व्हाइसरॉय होता जेरोनिमो द अझेवेदो. नाव संताचे खरे, पण सत्ताधीशाचेही तेच, आणि हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हयातीत कधी शस्त्र न धरलेला हा माणूस अशा रीतीने किल्ल्याचा राखणदार झाला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत कोसळला, तरी दमण त्यांच्याकडे राहिले. ते सुटले डिसेंबर १९६१ मध्ये, आणि दमणवर चालून गेलेली पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती.

त्याच्या नावाची चर्चही आहेत. मुंबईच्या वेशीवर काशीमीऱ्याला एक आहे. गोव्यात म्हापशाचे चर्च १५९४ पासूनचे, नाव सेंट जेरोमचे. पण म्हापशात कोणालाही विचारा, ते मिलाग्रीसचे चर्च. तिथल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला ख्रिस्ती येतात तसे हिंदूही तेल घेऊन येतात, कारण शिरगावची लईराई आणि ही सायबीण बहिणी, असे लोक मानतात. ज्याच्या नावाचे घर, त्याच्याकडे फारसे कोणी नवस बोलत नाही. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. हरवलेली वस्तू शोधून द्यायला अँटनी (सिंहांच्या गोष्टीतला नव्हे, दुसरा), दुखण्याखुपण्याला सायबीण, जीव लावायला जुन्या गोव्याचा झेवियर. पोथीत डोके घातलेल्या संताकडे संसारी माणूस काय मागणार?

गोव्याच्या हस्तिदंत कारागिरांनी मात्र त्याला सोडले नाही. सतराव्या शतकात त्यांनी घडवलेला बाल मेंढपाळ येशू आज युरोपच्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. डोंगराच्या शिखरावर डोळे मिटून, गालाला हात लावून बसलेले मूल. खाली थरांवर थर, त्यांत झरा, पाणी पिणारे पक्षी, मेंढ्या. आणि अगदी पायथ्याला गुहेत आडवी झालेली मेरी मॅग्डालीन. काही नमुन्यांत तिच्या दोन्ही बाजूंना पश्चात्ताप करणारे पीटर आणि जेरोम असतात. एखाद्या हाताएवढ्या त्या दंतात सगळा तपोवनाचा देखावा कोरलेला. शिखरावरच्या ध्यानस्थ मुलात अभ्यासकांना बुद्धाची छाया दिसली आहे. तसे असेल तर बुद्धाचे नाव लिहून ठेवणारा जेरोम गोव्याच्या कारागिराने त्याच्याच पायथ्याशी आणून बसवला.

उत्तरेत तो मोगलांच्या दरबारात गेला. १५८० मध्ये गोव्याहून रोदोल्फो अक्वाव्हिवा, मोन्सेरात आदी जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला पोहोचले आणि त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेले अनेकभाषी बायबल भेट दिले. हिब्रू, ग्रीक यांच्या जोडीला त्यात जेरोमची लॅटिन संहिता होती. अकबराने एकेक खंड हाती घेऊन चुंबन घेतले आणि मस्तकाला लावला, असे मोन्सेरात लिहितो. त्या सुमारासच अकबराच्या चित्रशाळेतल्या केसू दासने एका इटालियन मुद्राचित्रावरून जेरोम रंगवला. ते चित्र आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. अर्धवस्त्र, दाढीधारी म्हातारा, रानात, पोथीसह. लॅटिनचे अक्षर न येणाऱ्या हिंदू चित्रकाराला तो परका वाटला नसणार. असे साधू त्याने यमुनाकाठी कितीतरी पाहिले असतील.

रायपूरपर्यंत मात्र तो मूर्तीच्या वाटेने आला नाही, तो बायबलच्या वाटेने आला. जुना करार अनुवादताना जेरोमच्या ध्यानात आले की ग्रीक बायबलमधली काही पुस्तके हिब्रू संहितेत नाहीत. वाचायला ती चांगली, पण धर्मसिद्धान्त ठरवायला आधार म्हणून घेऊ नयेत, असे त्याने स्पष्ट लिहिले. ऑगस्टिनचे मत त्याच्या विरुद्ध पडले आणि चर्चने ती पुस्तके ठेवली. हजार वर्षांनी धर्मसुधारकांनी जेरोमचा शब्द उचलून धरला, आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती पुस्तके प्रमाण असल्याचे ठासून सांगितले. छत्तीसगडमध्ये प्रोटेस्टंट मिशनचे काम ऑस्कर लोहर यांनी १८६८ मध्ये बिस्रामपूरला सुरू केले. त्या परंपरेच्या चर्चमध्ये बायबलची एक, ती पुस्तके वगळलेली अनुक्रमणिका आली, रायपुरात बैरन बाजारच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये दुसरी.

मराठीत जेरोमच्या तोलाचे काम केले ते पंडिता रमाबाईंनी. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, केडगावच्या मुक्ती सदनात साधेपणाने राहून सगळे बायबल मुळावरून मराठीत आणले, आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवण्याआधी ते पुरे केले. छपाईही तिथेच, सदनातल्या बायकांच्या हातून झाली. पॉला हिब्रू शिकली तरी तिने केलेला एकही अनुवाद आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. रमाबाईंचे सगळे बायबल पोहोचले आहे. हिंदीत बेल्जियमहून येऊन रांचीचे झालेले फादर कामिल बुल्के हे याच कुळातले. रामकथेचा उगम आणि विकास यांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि नव्या कराराचा हिंदी अनुवादही केला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ मध्ये ३० सप्टेंबर, म्हणजे जेरोमचा मृत्यूदिन, आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून मान्य केला.

पुढच्या प्रकरणाकडे जाण्याआधी वाचकाने एक करावे. रायपुरात एखाद्या कॅथलिक स्नेह्याकडचे आणि एखाद्या प्रोटेस्टंट स्नेह्याकडचे बायबल मागून घ्यावे आणि दोन्हींची अनुक्रमणिका शेजारी ठेवून मोजावी. पहिल्यात ७३ पुस्तके भरतील, दुसऱ्यात ६६. तो सात पुस्तकांचा फरक जेरोमच्या टेबलावरचा आहे.